सक्रिय दीर्घिका-केंद्रांची मध्य-अवरक्त रंगांवरून ओळख : कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश

काही दीर्घिकांच्या केंद्रस्थानी असलेले प्रचंड वस्तुमानाचे कृष्णविवर सभोवतालचे द्रव्य ग्रहण करीत असते व त्यामुळे ते केंद्र असाधारण तेजस्वी होते. अशा केंद्रास सक्रिय दीर्घिका-केंद्र म्हणतात. ही केंद्रे अनेकदा धुळीच्या दाट आवरणात दडलेली असल्याने दृश्य प्रकाशात ती सापडत नाहीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रथम रेडिओ लहरींच्या व नंतर अवरक्त किरणांच्या साहाय्याने त्यांचा शोध घेण्याच्या पद्धती विकसित झाल्या. प्रस्तुत लेखात या पद्धतींच्या विकासाचा ऐतिहासिक आढावा घेतला असून, १९६५ मध्ये कल्याण येथे उभारण्यात आलेल्या रेडिओ दुर्बिणीचे या इतिहासातील स्थान तपासले आहे. तसेच या परिसरातील महाविद्यालयांना मध्य-अवरक्त सर्वेक्षणांमुळे कोणती संशोधनसंधी उपलब्ध झाली आहे, याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : सक्रिय दीर्घिका-केंद्र, मध्य-अवरक्त, क्वासार, रेडिओ खगोलशास्त्र, कल्याण, प्रादेशिक विज्ञान-इतिहास.

प्रस्तावना

उल्हास नदीच्या खोऱ्यातील कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्याचा इतिहास सामान्यतः तीन अंगांनी सांगितला जातो. पहिले अंग प्राचीन वारशाचे. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० मधील असून ते शिलाहारकालीन स्थापत्याचा उत्कृष्ट नमुना मानले जाते. दुसरे अंग फाळणीचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करासाठी उभारलेल्या कल्याण कॅम्पमध्ये सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि १९४९ मध्ये तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. तिसरे अंग कारखानदारीचे. अंबरनाथचा आयुध कारखाना, औद्योगिक वसाहती आणि या साऱ्यांना मुंबईशी जोडणारा लोहमार्ग यांचा त्यात समावेश होतो.

या तिन्ही अंगांवर लेखन झालेले आहे. परंतु याच परिसराला आधुनिक खगोलशास्त्राच्या इतिहासातही एक छोटे पण निश्चित स्थान आहे, ही बाब स्थानिक इतिहासाच्या मांडणीत क्वचितच आढळते. स्वतंत्र भारतातील रेडिओ खगोलशास्त्राचा एक महत्त्वाचा प्रारंभबिंदू कल्याण येथे होता. ज्या काळात ही दुर्बीण उभी राहिली, त्याच काळात क्वासारांचा शोध लागला होता आणि त्यांच्या अवरक्त प्रारणाचे पहिले मोजमापही होत होते. म्हणूनच सक्रिय दीर्घिका-केंद्रांच्या ओळखीचा इतिहास या परिसरातून पाहणे उद्बोधक ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) सक्रिय दीर्घिका-केंद्रे ओळखण्याच्या पद्धतींचा कालक्रमानुसार आढावा घेणे.
२) मध्य-अवरक्त रंगांवर आधारित निकषांचे स्वरूप, बलस्थाने व मर्यादा स्पष्ट करणे.
३) कल्याण येथील रेडिओ दुर्बिणीचे या इतिहासातील स्थान निश्चित करणे आणि परिसरातील उच्च शिक्षणाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व तपासणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

पार्श्वभूमी : सेफर्ट ते क्वासार

अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेफर्ट यांनी १९४३ मध्ये काही सर्पिल दीर्घिकांच्या केंद्रांच्या वर्णपटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या केंद्रांच्या वर्णपटातील उत्सर्जन रेषा असाधारण रुंद होत्या. याचा अर्थ तेथील वायू सेकंदाला हजारो किलोमीटर इतक्या वेगाने फिरत असला पाहिजे. सामान्य ताऱ्यांच्या समूहातून असे घडणे शक्य नव्हते. तथापि या निरीक्षणाकडे पुढील जवळजवळ दोन दशके फारसे लक्ष दिले गेले नाही.

या प्रश्नाला खरी गती मिळाली ती रेडिओ खगोलशास्त्रामुळे. १९६२ मध्ये ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील दुर्बिणीतून सिरिल हॅझर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३सी २७३ या रेडिओ स्रोताचे चंद्राकडून होणारे पिधान पाहिले. चंद्रबिंबाच्या कडेआड स्रोत नेमका केव्हा जातो व केव्हा बाहेर येतो, यावरून त्याचे स्थान अचूक ठरविता आले. त्या स्थानी ताऱ्यासारखा दिसणारा एक बिंदू होता. १९६३ मध्ये मार्टेन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटातील रेषा १५.८ टक्क्यांनी तांबड्या बाजूस सरकलेल्या असल्याचे दाखवून दिले. ताऱ्यासारखी दिसणारी ही वस्तू आपल्या आकाशगंगेच्या फार पलीकडे होती आणि संपूर्ण दीर्घिकेपेक्षा कितीतरी अधिक तेजस्वी होती. ‘क्वासार’ या नावाने अशा वस्तू पुढे प्रसिद्ध झाल्या. १९६९ मध्ये डोनाल्ड लिंडन-बेल यांनी या ऊर्जेच्या मुळाशी दीर्घिकांच्या केंद्रांतील महाकाय कृष्णविवरे असावीत, असा विचार मांडला. आज तोच सर्वमान्य आहे.

कल्याणची रेडिओ दुर्बीण

याच काळात भारतात रेडिओ खगोलशास्त्राची पायाभरणी होत होती. गोविंद स्वरूप हे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतून १९५३ मध्ये प्रशिक्षणासाठी सिडनीस गेले होते. तेथील पॉट्स हिल केंद्रात डब्ल्यू. एन. क्रिस्तियनसन यांनी सूर्याच्या अभ्यासासाठी सुमारे १.८ मीटर व्यासाच्या ३२ परवलयाकार तबकड्यांची मांडणी केली होती. काही काळानंतर ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांना या तबकड्यांची गरज उरली नाही. त्या मोडीत काढण्याऐवजी भारतास द्याव्यात, अशी सूचना स्वरूप यांनी १९५५ मध्ये केली व ती मान्य झाली. तबकड्या दिल्लीस पोहोचल्या, पण स्वरूप पुढील अध्ययनासाठी अमेरिकेस गेल्याने त्यांचा प्रत्यक्ष उपयोग लांबणीवर पडला.

१९६१ मध्ये परदेशात कार्यरत असलेल्या स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू व टी. कृष्णन या चार भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी मायदेशी परतून रेडिओ खगोलशास्त्राचा गट स्थापन करण्याची तयारी दर्शविणारा प्रस्ताव पाठविला. डॉ. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीने तो तत्परतेने स्वीकारला. १९६३ मध्ये स्वरूप मुंबईस आले आणि दिल्लीत पडून असलेल्या तबकड्या संस्थेकडे हस्तांतरित झाल्या. १९६५ मध्ये कल्याण येथे त्यांची मांडणी पूर्ण झाली. पूर्व-पश्चिम दिशेने ६३० मीटर लांबीवर २४ आणि दक्षिणोत्तर दिशेने २५६ मीटर लांबीवर ८ तबकड्या बसविण्यात आल्या. ही दुर्बीण ६१० मेगाहर्ट्झ कंप्रतेवर कार्य करीत असे.

या मांडणीमागील तत्त्व सोपे होते. एकच प्रचंड तबकडी उभारणे खर्चाचे असते, परंतु अंतरा-अंतरावर ठेवलेल्या लहान तबकड्यांचे संकेत एकत्र जोडले, तर त्या मांडणीच्या एकूण लांबीइतक्या मोठ्या दुर्बिणीचा सूक्ष्मदर्शीपणा एका दिशेत मिळविता येतो. १९६५ ते १९६८ या काळात या दुर्बिणीने शांत अवस्थेतील सूर्याचा अभ्यास केला. त्यातून सूर्यबिंबाच्या कडेकडील वाढीव रेडिओ तेज आणि प्रभामंडलाचे सुमारे दहा लाख अंश तापमान यांविषयी निष्कर्ष हाती आले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. कल्याणची दुर्बीण ही सूर्याची दुर्बीण होती. क्वासार किंवा सक्रिय दीर्घिका-केंद्र शोधण्यासाठी ती उभारलेली नव्हती व तिने ते शोधलेही नाही. तिचे महत्त्व वेगळे आहे. परदेशात निरुपयोगी ठरलेली सामग्री, मर्यादित निधी आणि नुकतेच पदवी घेऊन आलेले तरुण यांच्या बळावर एक संशोधन गट घडविता येतो, हे या प्रयोगाने सिद्ध केले. या गटात आरंभीच दाखल झालेले विजय कपाही पुढे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले.

कल्याणहून उटी व खोडद

कल्याणची तयारी चालू असतानाच हॅझर्ड व श्मिट यांचे शोध प्रसिद्ध झाले होते. चंद्राच्या पिधानातून रेडिओ स्रोतांचे स्थान व आकार मोजण्याची ही पद्धत भारतातून मोठ्या प्रमाणावर राबविता येईल, असे स्वरूप यांच्या मनात आले. विषुववृत्ताच्या जवळ असण्याचा लाभ घेऊन उटी येथे, स्थानिक अक्षांशाइतक्या म्हणजे सुमारे ११ अंश उतार असलेल्या डोंगरावर, ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद दुर्बीण उभारण्यात आली. तिचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर असल्याने एकाच आसाभोवती फिरवून स्रोताचा तासन्‌तास मागोवा घेता येतो. १९७० पासून या दुर्बिणीने पिधान पद्धतीने अनेक क्षीण रेडिओ स्रोतांचे कोनीय आकार मोजले. यांतील बहुसंख्य स्रोत म्हणजे दूरस्थ रेडिओ दीर्घिका व क्वासार, अर्थात सक्रिय केंद्रेच होती.

या मोजमापांवरून स्वरूप व कपाही यांनी १९७५ मध्ये जे निष्कर्ष मांडले, ते विश्व कालानुरूप बदलत आले आहे या महास्फोट सिद्धान्तास पूरक होते. विशेष असे की, त्याच संस्थेत १९७२ पासून कार्यरत असलेले डॉ. जयंत नारळीकर हे स्थिर स्थिती सिद्धान्ताचे जगन्मान्य पुरस्कर्ते होते. परस्परविरोधी विचार एकाच संस्थेत नांदले, ही या कालखंडाची उल्लेखनीय बाब होय. नारळीकरांनी पुढे पुण्यात आयुकाची उभारणी केली आणि डॉ. अजित केंभावी यांच्यासमवेत क्वासार व सक्रिय दीर्घिका-केंद्रे या विषयावर लिहिलेला त्यांचा ग्रंथ १९९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठ मुद्रणालयाने प्रसिद्ध केला. दुसरीकडे नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण उभी राहिली. लहान तबकड्या जोडून मोठी दुर्बीण साकारण्याचे कल्याणचे तत्त्व येथे प्रचंड प्रमाणावर साकार झाले.

रेडिओची मर्यादा आणि अवरक्ताची वाट

रेडिओ लहरी धूळ व ढग भेदून येतात, हा त्यांचा मोठा लाभ आहे. परंतु सर्वच सक्रिय केंद्रे रेडिओ लहरींत प्रखर नसतात. साधारणतः दहातील एखादाच क्वासार त्या दृष्टीने प्रखर असतो. केवळ रेडिओवर विसंबल्यास बहुसंख्य केंद्रे गणनेबाहेर राहतात. दृश्य व अतिनील प्रकाशात शोध घेतल्यास धुळीआड दडलेली केंद्रे निसटतात. या कोंडीतून वाट काढली ती अवरक्त किरणांनी.

फ्रँक लो यांनी १९६१ मध्ये अतिशीत तापमानात कार्य करणारा जर्मेनियम उष्णतामापक तयार केला आणि अवरक्त खगोलशास्त्रास नवे साधन मिळाले. १९६५ मध्ये, म्हणजे कल्याणच्या दुर्बिणीच्याच वर्षी, लो व हॅरॉल्ड जॉन्सन यांनी ३सी २७३ या क्वासारच्या अवरक्त प्रारणाविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९६७ मध्ये एनजीसी १०६८ या सेफर्ट दीर्घिकेतही ताऱ्यांच्या हिशेबात न बसणारे जादा अवरक्त प्रारण आढळले. हे प्रारण तापलेल्या धुळीचे असावे, असे स्पष्टीकरण मार्टिन रीस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये मांडले.

१९८५ मध्ये रॉबर्ट अँटोनुची व जोसेफ मिलर यांनी एनजीसी १०६८ मधून येणाऱ्या ध्रुवित प्रकाशाचा अभ्यास करून तेथील रुंद उत्सर्जन रेषा धुळीच्या पडद्याआड दडल्या असल्याचे दाखविले. केंद्राभोवती धुळीचे जाड कडे असते आणि आपण ते कोणत्या कोनातून पाहतो यावर त्या केंद्राचे बाह्यरूप अवलंबून असते, ही कल्पना यातून दृढ झाली. धूळ केंद्राचा प्रकाश अडविते, पण तो नष्ट करीत नाही. तो शोषून ती तापते आणि तीच ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकते. ज्या पडद्यामुळे केंद्र लपते, तोच पडदा अवरक्तात त्याची साक्ष देतो.

मध्य-अवरक्त रंगांचा निकष

खगोलशास्त्रात ‘रंग’ म्हणजे दोन भिन्न तरंगलांबींच्या पट्ट्यांत मोजलेल्या तेजस्वितेच्या प्रतींमधील फरक होय. सामान्य ताऱ्यांचे पृष्ठतापमान काही हजार अंश असते. त्यांचे प्रारण दृश्य किंवा निकट-अवरक्तात सर्वाधिक असून मध्य-अवरक्ताकडे ते उतरत जाते. सामान्य दीर्घिकेचा प्रकाश म्हणजे अशा ताऱ्यांचीच बेरीज असल्याने तोही १.६ मायक्रॉनच्या आसपास उच्चांक गाठून पुढे घसरतो. याउलट सक्रिय केंद्राजवळची धूळ सुमारे १५०० केल्विनपर्यंत तापू शकते. त्याहून अधिक तापमानात तिचे कण टिकत नाहीत. अशा तप्त व त्यामागील तुलनेने थंड धुळीचे प्रारण २ मायक्रॉनपासून पुढे सर्वत्र पसरलेले असते. साहजिकच, ताऱ्यांचे प्रारण जेथे उतरते तेथे सक्रिय केंद्राचे प्रारण चढते राहते. हा फरक रंगाच्या मोजमापात उमटतो.

पृथ्वीच्या वातावरणातील बाष्प मध्य-अवरक्त किरणांचा मोठा भाग शोषून घेते. म्हणून या निकषाचा विकास अवकाशातील दुर्बिणींवर अवलंबून राहिला. १९८३ मध्ये सोडलेल्या ‘आयरास’ उपग्रहाने सुमारे दहा महिन्यांत ९६ टक्के आकाशाचे सर्वेक्षण केले. त्याच्या २५ व ६० मायक्रॉन पट्ट्यांतील गुणोत्तरावरून सेफर्ट दीर्घिका निवडता येतात, हे १९८५ मध्ये दाखविण्यात आले. २००३ मध्ये ‘स्पिट्झर’ दुर्बीण कार्यान्वित झाली. तिच्या चार पट्ट्यांतील रंगांचा आलेख काढल्यास सक्रिय केंद्रे एका ठरावीक भागात एकत्र येतात, असे मार्क लेसी व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये आणि डॅनियल स्टर्न व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडले.

डिसेंबर २००९ मध्ये ‘वाइज’ हा केवळ ४० सेंटिमीटर आरशाचा उपग्रह अवकाशात गेला. त्याने ३.४, ४.६, १२ व २२ मायक्रॉन या चार पट्ट्यांत संपूर्ण आकाश टिपले. २०१२ मध्ये स्टर्न व सहकाऱ्यांनी यांतील पहिल्या दोनच पट्ट्यांवर आधारलेला अत्यंत सुटसुटीत निकष दिला. ३.४ व ४.६ मायक्रॉनमधील प्रतींचा फरक ०.८ किंवा अधिक असल्यास ती वस्तू सक्रिय केंद्र असण्याचा संभव फार मोठा असतो. सामान्य ताऱ्याच्या बाबतीत हा फरक शून्याच्या जवळपास असतो. ०.८ प्रतींचा फरक म्हणजे ताऱ्यांच्या तुलनेत ४.६ मायक्रॉनचे प्रारण दुपटीहून किंचित अधिक असणे होय. एका विशिष्ट तेजस्वितेपर्यंत पाहिल्यास या निकषाने दर चौरस अंशात सुमारे ६२ केंद्रे मिळतात. पौर्णिमेचे चंद्रबिंब आकाशाचा जेवढा भाग व्यापते, तेवढ्या भागात ही संख्या बारा-तेरा भरते. २०१८ मध्ये रॉबर्टो असेफ व सहकाऱ्यांनी याच उपग्रहाच्या माहितीवरून सुमारे ४५ लाख संभाव्य सक्रिय केंद्रांची सूची प्रसिद्ध केली. ‘वाइज’ची निरीक्षणे खंडासह २०२४ पर्यंत चालू होती.

निकषाच्या मर्यादा

एकाच निकषावर विसंबणे मात्र धोक्याचे ठरते. अतिदूरच्या सामान्य दीर्घिकांचा १.६ मायक्रॉनचा उच्चांक ताम्रसृतीमुळे या पट्ट्यांत सरकतो व त्या सक्रिय असल्याचा भास होतो. तारानिर्मिती जोमात असलेल्या काही लहान दीर्घिकांची धूळही तितकीच तापलेली असते. आपल्या जवळचे थंड तपकिरी बटूही याच रंगाचे दिसतात. उलट बाजूने, दीर्घिका मोठी व केंद्र दुर्बल असल्यास ताऱ्यांचा प्रकाश वरचढ ठरून केंद्र निसटते. काही रेडिओ दीर्घिकांत तर धुळीचे ठळक कडे आढळतच नाही. तेथे अवरक्त निकष मौन पाळतो, पण रेडिओ दुर्बीण त्यांचे लक्षावधी प्रकाशवर्षे पसरलेले झोत स्पष्ट दाखविते. खोडदच्या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर केलेल्या आकाश सर्वेक्षणाची २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली सूची सुमारे ६ लाख २० हजार स्रोतांची आहे. ती ‘वाइज’च्या सूचीशी ताडून पाहिल्यास दोन्ही पद्धतींची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. कल्याणपासून सुरू झालेली रेडिओची परंपरा आणि अवरक्ताची परंपरा येथे परस्परपूरक ठरतात.

परिसरातील उच्च शिक्षणाच्या दृष्टीने महत्त्व

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील आकाश आज दुर्बिणीस अनुकूल नाही. पावसाळ्याचे चार महिने ढगांचे, उरलेल्या काळात दमट हवा व शहरी दिव्यांचा झगमगाट. येथील महाविद्यालयात वेधशाळा उभारून दूरच्या दीर्घिकांचा अभ्यास करणे व्यवहार्य नाही. ‘आपल्याकडे साधने नाहीत’ हे वाक्य म्हणूनच या परिसरात सहज उच्चारले जाते. परंतु २०१३ मध्ये खुल्या झालेल्या ‘वाइज’च्या विस्तारित सूचीत सुमारे ७५ कोटी स्रोतांची मोजमापे असून ती कोणासही विनामूल्य पाहता येतात. दोन स्तंभांची वजाबाकी करून ०.८ चा निकष लावणे हे पदवी वर्गातील विद्यार्थ्यासही साधणारे काम आहे. निकष लावल्यानंतर कोणती वस्तू चुकून आत आली व कोणती चुकून बाहेर राहिली, याची छाननी करणे हे मात्र खरे संशोधन होय. त्यासाठी महागडे उपकरण नव्हे, तर चिकित्सक दृष्टी व मार्गदर्शन लागते.

निष्कर्ष

१) सक्रिय दीर्घिका-केंद्रांच्या ओळखीचा इतिहास हा एका अंतिम पद्धतीचा इतिहास नसून, प्रत्येक पद्धतीने आधीच्या पद्धतीतून निसटलेले शोधण्याचा इतिहास आहे.
२) मध्य-अवरक्त रंगांचा निकष सुटसुटीत व प्रभावी असला तरी तो स्वयंपूर्ण नाही. रेडिओ व अन्य निरीक्षणांची जोड त्यास आवश्यक ठरते.
३) कल्याणच्या दुर्बिणीने सक्रिय केंद्रांचा प्रत्यक्ष शोध घेतला नाही. तथापि, पुढे उटी व खोडद येथे तो शोध घेणाऱ्या भारतीय परंपरेची जडणघडण तेथे झाली.
४) मंदिर, निर्वासितांची छावणी व कारखाने यांच्याबरोबरच कल्याणच्या दुर्बिणीचीही नोंद या परिसराच्या इतिहासलेखनात व्हावयास हवी.

समारोप

दुसऱ्या देशाने बाजूला ठेवलेल्या बत्तीस तबकड्या कल्याणात पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हा भारतात या क्षेत्रातील साधने जवळजवळ नव्हतीच. त्या तुलनेत आज या परिसरातील विद्यार्थ्यापुढे संपूर्ण आकाशाची मोजमापे खुली आहेत. साठ वर्षांपूर्वी उणीव होती ती सामग्रीची, आज उणीव आहे ती या सामग्रीकडे वळण्याची. ती भरून काढणे हे महाविद्यालयांच्या आवाक्यातील काम असून, कल्याणच्या दुर्बिणीचे तेच उचित स्मरण ठरेल.